अमेरिकन पाना, तैवानी पाना आणि दर्जा नेमका कुठे ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतल्या कोलंबसला नुकतंच घर घेतलेला एक तरुण मराठी इंजिनिअर विचारतो आहे. त्याच्या वडिलांचं नाशिकला, सातपूरमध्ये छोटं वर्कशॉप आहे. निघताना त्यांनी सांगितलं होतं, "तिकडून पान्यांचा एक अस्सल अमेरिकन सेट आण." दुकानात गेल्यावर नावं अमेरिकन, पण पान्यांवर कोरलेलं तैवान नाहीतर चीन. मग खरा अमेरिकन माल कुठे गेला? तो खरंच इतका चांगला होता, की ती आधीच्या पिढीची श्रद्धा होती? आयातशुल्क वाढवून तो परत येईल का? आणि दुप्पट पैसे देऊन तो घ्यावा का?

मी 1986 साली भोसरीत एका टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलो आणि 1998 पासून ओहायोत पुरवठादारांच्या गुणवत्तेचं काम केलं. म्हणजे आमच्या कारखान्याला कास्टिंग (ओतीव भाग), फोर्जिंग (तापवून, ठोकून घडवलेले भाग), बोल्ट, बेअरिंगच्या हाउसिंग (बेअरिंग बसवायची घरं) पुरवणाऱ्यांच्या शॉपमध्ये जाऊन त्यांचं काम तपासायचं, माल नापास झाला तर कारण शोधायचं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांच्याबरोबर बसायचं. अमेरिका, मेक्सिको, चीन, तैवान, कोल्हापूर, पुणे, सगळीकडचा माल या हातांखालून गेला. त्या अनुभवावर उत्तर देतो.

आधी वडिलांच्या श्रद्धेबद्दल. ती अजिबात भाबडी नाही. आमच्या भोसरीच्या टूलरूममध्ये एक स्टॅरेटचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, होता. मॅसॅच्युसेट्समधल्या अॅथॉल गावी 1880 मध्ये सुरू झालेली ही कंपनी. तो मायक्रोमीटर लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा आणि पेटीची किल्ली फोरमनच्या कमरेला. शिकाऊ मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. पहिल्यांदा तो माझ्या हातात दिला तेव्हा फोरमन म्हणाले, "फिरव, पण दाबू नकोस." थिंबल, म्हणजे त्याची फिरती नळी, फिरवताना कुठेही अडकत नव्हतं, कुठेही सैल लागत नव्हतं, सगळ्या आट्यांवर एकसारखा ताण. तेव्हा त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त होतं आणि शून्य बरोबर शून्यावर येत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकन यंत्रं आणि अवजारं जगात मापदंड होती, आणि ज्यांनी ती हाताळली त्यांच्या मनात ते नाव कायमचं बसलं. सातपूरच्या वर्कशॉपमधला माणूस अमेरिकन पाना मागतो तेव्हा तो हे आठवत असतो.

पण त्याच टूलरूममध्ये मी असतानाच नवीन खरेदी सगळी मितुतोयोची व्हायला लागली. 1934 साली जपानमध्ये सुरू झालेली कंपनी. तिचा मायक्रोमीटर अमेरिकनाच्या तोडीस तोड होता, स्वस्त होता आणि मागितला की मिळत होता. फोरमननी सुरुवातीला नाक मुरडलं. सहा महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या खिशात जपानी मायक्रोमीटर होता.

त्या बदलाची गोष्ट पुष्कळदा चुकीची सांगितली जाते. जपानी मजूर स्वस्त होता म्हणून अमेरिका हरली, असं इथले लोकही म्हणतात. स्वस्त मजुरीचा भाग सुरुवातीला होताच. पण ज्या गोष्टीने खरा फरक पडला ती जपानने अमेरिकेकडूनच घेतली होती. एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ 1950 मध्ये जपानी इंजिनिअर आणि कारखानदारांना शिकवायला गेला. माल बनून झाल्यावर तपासून खराब नग बाजूला काढू नका, बनतानाच प्रक्रिया ताब्यात ठेवा, चढउतार का होतो ते आकड्यांवरून शोधा, असं त्याचं सांगणं. जपान्यांनी 1951 पासून त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. अमेरिकेत सर्वसामान्यांना तो माहीत झाला 1980 च्या जूनमध्ये, एनबीसी या दूरचित्रवाहिनीवर 'जपानला जमतं तर आपल्याला का नाही' अशा अर्थाचा कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा. मध्ये तीस वर्षं गेली होती.

संगणकावर चालणाऱ्या (सीएनसी) यंत्रांचंही तेच झालं. मिशिगनच्या ट्रॅव्हर्स सिटीतल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक काढायचे होते, त्यातून आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना निघाली, आणि 1952 मध्ये एमआयटी विद्यापीठाने हवाईदलाच्या पैशावर तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. कल्पना अमेरिकेची, पैसा अमेरिकेचा. पण गिऱ्हाईक होतं हवाईदल, त्यामुळे यंत्र घडलं विमानाच्या कारखान्यासाठी: अवघड, महाग, आणि चालवायला खास माणूस लागणारं. जपानच्या फानुकने साधा, भरवशाचा कंट्रोल बनवला आणि जपानी यंत्रकारांनी तो बसवून छोट्या जॉब-शॉपला (सुटी कामं घेणाऱ्या वर्कशॉपला) परवडतील अशी यंत्रं विकली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच यंत्र-अवजारांच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकलं. आज चाकण किंवा शिरोलीत कुठल्याही शेडमध्ये डोकावा, सीएनसीवर फानुकचं नाव दिसण्याची शक्यता मोठी आहे.

आता हे ऐकून "अमेरिकन कामगार आळशी" असा निष्कर्ष काढू नका. मी तो अनेक देशी मंडळींकडून ऐकला आहे आणि दर वेळी मला राग येतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. संप, भांडणं, आणि गैरहजेरी इतकी की काही दिवशी पाचातला एक माणूस यायचाच नाही. 1982 मध्ये तो बंद केला. दोन वर्षांनी तीच इमारत टोयोटाबरोबर भागीदारीत न्यूमी या नावाने उघडली. बहुतेक कामगार तेच जुने, युनियनही तीच. त्यांच्यातल्या काहींना जपानला नेऊन शिकवलं, आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी दिली: चूक दिसली की ओढायची, गरज पडली तर लाइन थांबेल, आणि कुणी ओरडणार नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या टोयोटाच्या जवळ गेला. माणसं तीच होती. जुन्या व्यवस्थेत काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा नियम होता, म्हणून चुका गाडीबरोबर पुढे सरकत होत्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की दर्जा देशाच्या नावात नसतो. कारखाना काय खपवून घेतो आणि गिऱ्हाईक काय मागतं, यात तो असतो. याचे तीन प्रसंग सांगतो, तिन्ही माझ्या डोळ्यांसमोरचे.

पहिला कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीचा. बेअरिंग हाउसिंगचं कास्टिंग, तिथेच मशीनिंग करून यायचं. सॅम्पल उत्तम, मापं उत्तम, ब्लोहोल (आतल्या हवेच्या पोकळ्या) नाहीत. पहिला मोठा लॉट ऑगस्टमध्ये न्हावाशेव्याहून निघाला आणि ओहायोत उघडला तर मशीन केलेल्या चकचकीत बोअरमध्ये (मधल्या गोल भोकात) गंज. इथला निरीक्षक म्हणाला, "भारतीय माल, दुसरं काय." मी एक नग दिव्याखाली धरला. गंज सगळीकडे सारखा नव्हता. बोअरच्या आत चार बोटांचे ठसे उमटले होते आणि बाहेरच्या बाजूला अंगठ्याचा. ठशातल्या रेषासुद्धा दिसत होत्या. ज्याने तो नग यंत्रावरून उचलून पेटीत ठेवला, त्याच्या हाताचा घाम तिथे राहिला होता. वर पावसाळी हवा आणि महिना-दीड महिना समुद्रावर कंटेनरच्या छतावरून टपकणारं पाणी. लोखंड चांगलं, मशीनिंग चांगलं, आणि माल नापास. मी तिथे गेलो तेव्हा त्या पोराचा चेहरा पडला होता. त्याची काहीच चूक नव्हती. हातमोजे घालायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण आमच्या ड्रॉइंगवरही पॅकिंगबद्दल अवाक्षर नव्हतं. हातमोजे, गंजरोधक तेलात बुडवणं, गंजरोधक प्लॅस्टिकची पिशवी आणि पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या. नगामागे काही रुपयांचं काम. त्यानंतर त्या फाउंड्रीचा माल गंजासाठी परत गेला नाही.

दुसरा प्रसंग ओहायोतल्याच एका फोर्जिंग शॉपचा. तीन पिढ्यांचं घराणं, भिंतीवर जुने फोटो, आमच्याकडे वर्षानुवर्षं एकही नग नापास नाही. आणि एके वर्षी अचानक चुंबकीय तपासणीत केसासारख्या चिरा दिसायला लागल्या. एक लॉट, मग दुसरा. मी दोन दिवस त्यांच्याकडे बसलो. पोलाद तेच, भट्टी तीच, कागदावर तापमान तेच. मग कळलं की हीट ट्रीटमेंटचा (पोलाद भट्टीत तापवून कडक करण्याच्या कामाचा) म्हातारा माणूस चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. भट्टीतला तापमान मोजणारा थर्मोकपल बरीच वर्षं कमी दाखवत होता आणि त्या माणसाला ते ठाऊक होतं. तो नोंदवहीत ठरलेला आकडा लिहायचा आणि भट्टी रंगावरून, डोळ्यांनी ठेवायचा. नव्या मुलाने कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि पोलाद जास्त तापलं. मालकाने मला विचारलं, असा दुसरा माणूस कुठे मिळेल? त्या जिल्ह्यात मिळणार नव्हता. शेजारची दोन शॉप आधीच बंद झाली होती आणि तिथल्या शाळेतला यंत्रकामाचा वर्गही. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तिसरा चीनच्या निंगबो भागातला. ब्रॅकेटचं साधं काम. पहिला लॉट पाहून आमचे लोक थक्क झाले, आमच्या घरच्या मालापेक्षा सरस. पुढच्या वर्षी तपासणीत मला पोलादात फरक दिसला. मिश्रधातू ठरल्यापेक्षा हलक्या प्रतीचा. चिनी लोक फसवतातच, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. मी आमच्याच खरेदी विभागाची पत्रं काढली. एका वर्षात त्या पुरवठादाराकडून तीनदा भाव पाडून घेतला होता, आणि तिसऱ्या वेळी तर "एवढ्यात जमत नसेल तर दुसरा बघतो" असं लिहिलेलं. तो पुरवठादार साधू नव्हता, न सांगता पोलाद बदलणं हा गुन्हाच, आणि आम्ही त्याचं काम काढून घेतलं. पण त्या भावात ते पोलाद बसतच नव्हतं, हे आमच्या बाजूच्या माणसालाही समजायला हवं होतं. चिनी कारखानदार पहिल्या भेटीत विचारतो, कुठल्या भावाचा माल हवा? तुम्ही जो भाव सांगाल त्याचा तो बनवून देतो. जगातले अत्यंत नाजूक, अचूक फोन तिथेच जुळवले जातात आणि पहिल्याच जोरात तोंड वाकणारा पानाही तिथेच बनतो. दोन्ही मागवणारे बरेचदा अमेरिकन असतात.

तुमच्या दुकानातल्या तैवानी पान्याचंही असंच. तैवानमध्ये ताइचुंग शहराच्या आसपास हातअवजारं आणि यंत्रं बनवणाऱ्यांची दाटी आहे. एकाच्या शेडमध्ये फोर्जिंग, पलीकडे घासकाम, चार गल्ल्या सोडून क्रोम प्लेटिंग. तिथला चांगला पाना हातात घेतला की मला तरी आज अमेरिकन पान्यापेक्षा तो कुठे कमी वाटत नाही. तुम्ही स्वतः पाहा: तोंडाच्या दोन्ही जबड्यांची आतली बाजू समांतर आहे का, नट घातल्यावर किती खेळतो, मानेजवळ घासकामाच्या खुणा आडव्या राहिल्यात का (चीर तिथूनच सुरू होते), आणि कडेला प्लेटिंगची पापुद्री सुटते आहे का. या चार गोष्टी पाहायला शिक्क्याची गरज लागत नाही.

आता स्पर्धेचा प्रश्न. इथे माझं दुसरं म्हणणं आहे आणि ते पहिल्यापेक्षा वेगळं आहे. चांगला एक नग जगात कुठेही बनवता येतो. पण चांगले एक लाख नग, वेळेवर, परवडेल अशा भावात बनवायचे तर एकटा कारखाना पुरत नाही. आजूबाजूला डाय (साचे) बनवणारा लागतो, प्लेटिंगवाला लागतो, गेज (मापाची साधनं) दुरुस्त करणारा लागतो, आणि भट्टीचा रंग ओळखणारा तो म्हातारा लागतो. अमेरिकेचं घोडं पेंड खातं ते इथे.

अॅपलने 2013 चा मॅक प्रो संगणक टेक्ससमध्ये ऑस्टिनला जुळवायचं ठरवलं. पैसा आणि इंजिनिअर कमी पडले असं कोण म्हणेल? अडलं ते एका खास स्क्रूवर. स्थानिक पुरवठादाराच्या छोट्या शॉपमध्ये दिवसाला फार तर 1000 स्क्रू निघत होते. पुढे मोठं उत्पादन सुरू करताना स्क्रू चीनहून मागवावे लागले. छोट्या स्क्रूचे लाखो नग काढणारी शॉप अमेरिकेत पूर्वी गावोगावी होती. काम समुद्रापार गेल्यावर ती यंत्रं विकून मोकळी झाली.

तुमच्या पान्यांच्याच धंद्यातलं उदाहरण अजून बोलकं आहे. क्राफ्ट्समन हे सिअर्स या दुकानसाखळीचं घराघरातलं नाव. ते 2017 मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतलं, आणि 2019 मध्ये जाहीर केलं की टेक्ससमध्ये फोर्ट वर्थला 9 कोटी डॉलर घालून, स्वयंचलित यंत्रांनी, पाने आणि सॉकेट पुन्हा अमेरिकेत बनवू. मला त्या बातमीने मनापासून आनंद झाला होता. यंत्रमानव ठरल्या वेगाने चालेनात, माल दुकानात नीट पोचेना, आणि 2023 मध्ये कारखाना बंद करत असल्याचं सांगितलं गेलं. घासकाम आणि फोर्जिंगमध्ये माणसाच्या मनगटात जे असतं ते आधी नीट समजून घेतलं, लिहून काढलं, तरच यंत्राला शिकवता येतं. ते जाणणारी माणसं घरी गेल्यावर यंत्राला शिकवणार कोण?

आणि तरीही अमेरिकन माल संपला असं समजू नका. पेनसिल्व्हेनियात मीडव्हिलला चॅनलॉकच्या पकडी आजही बनतात. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गला लॉज कंपनी 1896 पासून बिडाची भांडी ओतते आहे. त्यांचा तवा माझ्या घरी रोज भाकरीला लागतो आणि भाव असा की आयात मालाशी सहज टक्कर घेतो, कारण साधं डिझाइन, स्वतःची फाउंड्री आणि ओतकामात यंत्रांचा भरपूर वापर. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला हास कंपनी सीएनसी यंत्रं बनवते. 1983 मध्ये सुरू झाली, आणि 1988 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी पहिलं व्हर्टिकल मशीनिंग सेंटर 50 हजार डॉलरच्या आत ठेवलं. मोठमोठ्या अमेरिकन यंत्रकारांनी जपान्यांपुढे हात टेकले त्याच काळातली ही गोष्ट. छोट्या शॉपला काय परवडेल, हा जपान्यांचा प्रश्न हासने स्वतःला विचारला. विमानांची इंजिनं, वीजनिर्मितीची गॅस टर्बाइन, शस्त्रक्रियेची साधनं, मोजमापाची यंत्रं, शेतातली अवजड यंत्रं, इथे अमेरिकेचा हात धरणारे जगात मोजके. या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसली: डिझाइन करणारा, बनवणारा आणि वापरणारा एकमेकांपासून लांब नसतात. तक्रार आली की इंजिनिअर चालत जाऊन यंत्रापाशी उभा राहतो.

ते अंतर वाढलं की मोठ्यातलं मोठं नावही घसरतं. 5 जानेवारी 2024 ला पोर्टलंडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्सचा दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेत उडून गेला. तपासात निघालं की तो धरून ठेवणारे 4 बोल्ट बसवलेलेच नव्हते. विमानाचा सांगाडा विचिटाच्या पुरवठादाराकडून आला, बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात रिव्हेटची दुरुस्ती करायला तो तुकडा काढला, आणि काढल्याची नोंद केली नाही. नोंद नाही म्हणून परत बसवल्यावर तपासणीही नाही. अख्खं विमान अमेरिकेत जुळवलेलं, अमेरिकन हातांनी. मी ती बातमी वाचली तेव्हा मला भट्टीवाल्या म्हाताऱ्याची ती नोंदवही आठवली.

आयातशुल्काबद्दल माझं मत आकडे पाहून बनलं आहे. तुम्ही घरासाठी वॉशिंग मशीन घेणार असाल, तर तिथूनच बोलू. जानेवारी 2018 मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क जाहीर झालं: ठरावीक कोट्यापर्यंत 20 टक्के, त्यापुढे 50. सॅमसंगने साउथ कॅरोलायनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने चालू केले, हे खरं. पण फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा वॉशरचे भाव सुमारे 12 टक्क्यांनी चढलेले दिसले. ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तोही तेवढाच महागला, कारण लोक जोडी घेतात. साधारण 1800 नोकऱ्या आल्या आणि गिऱ्हाइकांच्या खिशातून एका नोकरीमागे वर्षाला सुमारे 8 लाख 15 हजार डॉलर गेले. शिवाय पोलादावरचं शुल्क जून 2025 मध्ये 50 टक्के झालं; म्हणजे जो अमेरिकन पाना वाचवायचा, त्याचाच कच्चा माल महाग.

मग शुल्क कधीच उपयोगी पडत नाही का? पडलेलं एक उदाहरण मी तरुणांना नेहमी सांगतो. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकली 1970 च्या दशकात तेल गळणाऱ्या म्हणून बदनाम होत्या. 1981 मध्ये कंपनीच्याच 13 अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली. 1983 मध्ये रेगन सरकारने 700 सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क 4.4 वरून 49.4 टक्के केलं, पण पाच वर्षांसाठी आणि दर वर्षी उतरतं. जपान्यांनी इंजिन 700 च्या खाली आणून त्यातून वाट काढली, त्यामुळे शुल्काचा मोठा अडसर काही उरला नाही. पण हार्लेच्या लोकांनी मिळालेला वेळ वापरला. ते ओहायोत मेरिसव्हिलला होंडाचा कारखाना पाहून आले होते; तिथलं साठा न करता लागेल तेव्हा माल आणण्याचं तंत्र आणि आकड्यांवरून प्रक्रिया सांभाळणं त्यांनी उचललं. 1987 मध्ये, मुदत संपायच्या एक वर्ष आधी, त्यांनीच सांगितलं, आता शुल्क काढा. उलट बाजूला हलक्या ट्रकवरचं 25 टक्के शुल्क पाहा. युरोपने अमेरिकन कोंबडीच्या मांसावर लावलेल्या शुल्काच्या वादातून 1964 मध्ये लागलं ते आजतागायत आहे. त्या भिंतीआड पिकअपचा धंदा अमेरिकन कंपन्यांना इतका सुखाचा झाला की छोट्या, स्वस्त गाड्यांकडे लक्ष द्यायची निकड त्यांना फारशी वाटलीच नाही. मुदत आणि उतरता दर असेल तर कारखानदार धावतो. कायमची सावली मिळाली तर बसतो. धावायचं त्याने कबूल केलं तरी पुन्हा तोच प्रश्न: डायवाला, प्लेटिंगवाला, भट्टीवाला तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि शुल्क मात्र दर काही महिन्यांनी बदलत असेल तर त्या शिक्षणावर पैसा कोण लावेल? ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागलं तेव्हा कोल्हापूरच्या ओळखीच्या फाउंड्रीवाल्यांचे मला फोन आले. त्यांना धास्ती होती काम मेक्सिकोला जाण्याची. ओहायोला जाईल अशी भीती एकानेही बोलून दाखवली नाही.

शिक्क्यांविषयी दोन गोष्टी, कारण दुकानात तुम्ही त्यांनाच फसाल. नुसतं 'मेड इन यूएसए' लिहायला फेडरल ट्रेड कमिशनची अट कडक आहे: माल पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अमेरिकेतलाच हवा, आणि 2021 पासून त्याचा नियम मोडला तर दंड होतो. पण 'परदेशी भागांसह अमेरिकेत जुळवलेलं', 'अमेरिकेत डिझाइन केलेलं', किंवा नुसता झेंडा आणि गरुड, यांचे अर्थ निराळे. गरुड पाहून घेऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे सेट मी पुष्कळ पाहिलेत. गाडी घेताना खिडकीवरच्या कागदावर अमेरिका-कॅनडाच्या भागांची टक्केवारी छापलेली असते, ती पाहा. गाडीच्या क्रमांकाचं पहिलं चिन्ह 1, 4 किंवा 5 असेल तर ती अमेरिकेत बनली, 3 असेल तर मेक्सिकोत. केंटकीत जुळलेली टोयोटा आणि मेक्सिकोत जुळलेली अमेरिकन नावाची गाडी शेजारी उभ्या दिसतील. तुमच्या कोलंबसहून तासाभराच्या आतच असलेल्या मेरिसव्हिलला होंडाने 1982 मध्ये अकॉर्ड बनवायला सुरुवात केली, आणि वॉशिंग मशीन अमेरिकेतच बनलेलं हवं असेल तर ओहायोतच क्लाइडला व्हर्लपूलचा मोठा कारखाना आहे.

राहिला प्रश्न दुप्पट पैशांचा. रोज वापरायची, हातातून निसटली तर जखम करणारी अवजारं, म्हणजे पकड, पाना, रॅचेट, मोजमापाची साधनं, यांत पैसे द्या. मग ती अमेरिकन असोत, जर्मन, जपानी किंवा चांगली तैवानी. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूत पैसे अडकवू नका. अमेरिकन माल मुद्दाम घ्यायचा असेल, कारण तुमच्या शेजारच्या गावातली भट्टी चालू राहावी असं वाटतं, तर तेही रास्त कारण आहे आणि मी स्वतः तसं करतो. फक्त त्याला दर्जाचं कारण समजू नका.

वडिलांच्या सेटबद्दल मात्र एक काळजी घ्या. अमेरिकेने मेट्रिक पद्धतीचा कायदा 1975 मध्येच केला, पण सक्ती केली नाही, म्हणून इथे अजून पुष्कळ पाने इंचात मिळतात. 1/2 इंचाचा पाना म्हणजे 12.7 मिलिमीटर. तो सातपूरच्या 13 च्या नटावर चढणारच नाही आणि 12 च्या नटावर सैल बसून त्याचे कोपरे झिजवेल. पेटीवर मेट्रिक लिहिलेलं पाहून घ्या. 10, 13, 17 आणि 19 हे चार आकार आत आहेत ना, ते उघडून पाहा. आणि जुन्या सेकंडहँड बाजारात एखादा स्टॅरेटचा मिलिमीटरमधला मायक्रोमीटर दिसला तर थिंबल हलकेच फिरवून बघा. कुठेही अडकत नसेल आणि शून्य शून्यावर येत असेल, तर तोही घ्या.